सगळ्यांचा होकार

भूगोलात एम.ए. व्हायचं तर काय काय लागतं, ते विद्यापीठाच्या पत्रकात स्वच्छ छापलं आहे. चार सत्रांचे पेपर, प्रात्यक्षिकं, अभ्याससहल आणि शेवटी एखाद्या गावाची प्रत्यक्ष पाहणी करून लिहिलेला प्रकल्प. नवऱ्याची आणि सासूची परवानगी त्यात कुठेच नाही. पत्रक छापणारे सगळे पुरुष असावेत.

पेपर मी पास केले होते. धानाची रोवणी आटोपायची, हातपाय धुवायचे आणि कुरखेड्याची बस धरायची. सहलीला जाताना तर धनराज, माझा नवरा, स्वतः मला गाडीत बसवून द्यायला आला. चारचौघांत तो माझं कौतुकच करायचा. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं कॉलेजातल्या मुली म्हणायच्या आणि मलाही ते पटायचं.

राहिला होता प्रकल्प. दुसऱ्या गावात मुक्कामाला सुनेला कोण सोडणार? म्हणून मी आमचंच गाव निवडलं. घरोघरी जाऊन माहिती घ्यायची. शेतं, बोड्या म्हणजे शेतांतली तळी, जंगलाची हद्द मोजून नकाशा काढायचा. सर हो म्हणाले, फक्त ग्रामसभेचं संमतिपत्र हवं म्हणाले. इथेच माझं घोडं अडलं.

आमच्या सभेत हात मोजत नाहीत. सगळ्यांचा होकार आला तरच ठराव होतो. एक माणूस जरी नाई म्हणाला, तरी विषय पुढच्या बैठकीवर. या रीतीनेच आम्ही जंगल राखलं. खाणीसाठी पाहणी करायला माणसं आली होती, तेव्हा सगळ्यांच्या होकाराशिवाय गावात मोजणी होणार नाही, हा ठराव सभेत मीच वाचून दाखवला होता. टाळ्याही माझ्यासाठीच पडल्या होत्या. आपला धोंडा आपल्याच पायावर पडणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक!

माझा विषय निघाला आणि बाकी सगळे हो म्हणाले. माझी सासू, गोकुळाबाई, तेवढी नाही म्हणाली. जो गाव मोजतो तो गावात राहत नाही, असं तिचं म्हणणं. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. पुढच्या बैठकीतही तेच. घरी आल्यावर मी धनराजला म्हटलं, तुम्ही तरी बोला आईशी. तो जेवत होता. त्याने भाताचा घास गिळला आणि म्हणाला, "मले काय हाय? मी तं तयारच आहो. आईलेच समजव, चंदा."

मग मी आईलाच समजावत बसले, म्हणजे रोज मनातल्या मनात तिला शिव्या घालत बसले. तिकडे माझी मैत्रीण पुनम कुणाच्या तरी जुन्या प्रकल्पावर गावाचं नाव बदलून मोकळी झाली. तूही तेच कर म्हणाली. माझ्याने होईना. इतकी वर्षं चिखल तुडवत शिकायचं आणि शेवटी खोटं गाव लिहून द्यायचं, याची मला किळस आली.

तिसऱ्या बैठकीला प्रकल्प द्यायची मुदत अगदी तोंडावर आली होती. सासूने सगळ्यांसमोर विचारलं, "शिकून झाल्यावर तू इथीच राहशील का? सभेत सांग, मंग माहा होकार."

सभेत दिलेला शब्द मागे घ्यायचा, तर पुन्हा सगळ्यांचा होकार लागतो. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मी राहीन म्हणाले.

मग मात्र जीव ओतून काम केलं. घर न् घर, बांध न् बांध पायाखाली घातला. तोंडी परीक्षेला वरोऱ्याहून ललिता मॅडम आल्या होत्या. त्यांनी माझा नकाशा टेबलावर पसरून कितीतरी वेळ पाहिला. निकाल लागला, पहिला वर्ग मिळाला आणि त्यांचा फोन आला. त्यांच्या कॉलेजात तासिकेवर शिकवायला माणूस हवा होता. लगेच यायचं होतं, तिथेच राहायचं होतं. मी फोन ठेवला आणि आनंदाने रडले. धनराजने गावात पेढे वाटले. सभेत विषय घाल म्हणाला.

सभा भरली. चालवायला इस्तारीभाऊ होते. मी उभी राहून सांगितलं की शब्दातून मोकळं करा. माझी नजर सासूवर होती आणि तिच्याशी भांडायची मी पुरती तयारी करून आले होते. तिने पदराचं टोक कमरेला खोचलं. मग म्हणाली, "म्याच बांधली होती तिले. जाऊ द्या आता. घर मी पाहीन."

माझे डोळे भरले. बाया हो म्हणाल्या, भिंतीपाशी बसलेले पुरुष एकेक करून हो म्हणत गेले. धनराजची पाळी आली आणि तो खालची माती नखाने कुरतडत राहिला. इस्तारीभाऊंनी त्याला नाव घेऊन विचारलं.

"सभेत बोललेलं फिरवू नाई, भाऊ," तो म्हणाला. "रीत मोडते."

विषय पुढच्या बैठकीवर गेला. वरोऱ्याचं कॉलेज तोवर थांबणार नव्हतं.

घराकडे येताना पुरुष पुढे निघून गेले. सासू माझ्या बाजूने चालत होती. आमच्या बोडीच्या पाळीवर ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "पयल्या बैठकीच्या आधीच त्यानं मले सांगतलं होतं, आई, तू नाई म्हण. मी नाई म्हटलं तं चंदा रुसते."

तिलाही रडू येत होतं. मला तिची कीव आली नाही. त्याने तयार असायचं, तिने नाही म्हणायचं आणि शिव्या सासूला बसायच्या; असा सोयीचा संसार माझ्याच घरात चालला होता, आणि मी गावभर दुसऱ्यांची घरं मोजत फिरले होते.