डाव्या गुडघ्याची वाटी

पाकिटाची ती पारदर्शक खिडकी, तिच्यातून दिसणारं स्वतःचं नाव… कितीतरी दिवस ते पुस्तकांच्या चळतीवरून त्याच्याकडे बघत होतं आणि तो नजर चुकवत होता. पत्र इस्पितळाचं. उजवा गुडघा बदलल्यापासून ते दरवर्षी विचारायचे — जिने चढता येतात का, रात्री ठणकतं का — आणि तो इमानानं कळवायचा; असे हजारो गुडघे त्यांच्या नोंदींत होते. आता डावा बदलायची पाळी. वाटीला आतून नवं अस्तर लावायचं की ती आहे तशीच ठेवायची, हे चिठ्ठी टाकून ठरवलं तर तुमची हरकत आहे का? पुढे तेच वार्षिक प्रश्न, जास्तीचे हेलपाटे नाहीत.

त्याला ती परीक्षाच वाटली. अभ्यास न करता सही कशी करायची? वाचनालयातून जाडजूड ग्रंथ आणले. एक म्हणे अस्तर हवंच, दुसरा म्हणे उगाच कशाला — आणि मग ती जुनीच शंका, आपल्याच डोक्यात शिरत नसेल…

"लग्नाला होकार द्यायला वर्ष घालवलंत, गुडघ्याला किती घालवणार?" बायको म्हणाली. मग आवाज उतरवून, "पण चिठ्ठीवर पाय सोपवायचा… मला नाही बाई पटत. एकदा कापलं की कापलं."

आज सकाळी नोंदी ठेवणाऱ्या बाईंचा फोन आला. "आजोबा, तुमची ऑपरेशनची तारीख लागली. या आठवड्यात उत्तर नाही आलं तर तुम्हाला या चिठ्ठीच्या पाहणीतून वगळावं लागेल. नको असेल तर नको म्हणा, ऑपरेशन काही अडत नाही."

धीर करून त्यानं विचारलं, "पण डॉक्टरांच्या मते चांगलं काय?"

"आमचे एक डॉक्टर अस्तर लावतात, शेजारच्या खोलीतले लावत नाहीत. दोघांचेही पेशंट चालतात. ठाऊक असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं? निम्म्यांना लावून, निम्म्यांना न लावता बघायचं, कुणाचे गुडघे जास्त बरे राहतात."

फोन ठेवला तरी तो उभाच. म्हणजे त्यांनाही… त्या पत्रातच लेखी, सही-शिक्क्यानिशी, त्यांनाही ठाऊक नाही! मी ग्रंथांत जे पान शोधत होतो ते अजून कुणी लिहिलेलंच नाही — आणि माझी ही कुरकुरणारी वाटी त्यातली एक ओळ होणार, हजारांतली एक, पण तिच्यावाचून बेरीज तेवढी अपुरी… कानशिलं तापली. इतक्या घाईनं त्यानं आयुष्यात कधी सही केली नव्हती.

"विचार केलात ना?" बायकोनं दारात काठी पुढे केली. ती अजून सोडली मात्र नव्हती.

"तोच तर करत बसलो होतो."

ती हसली नाही. काठी दिली.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंतचा रस्ता आज दुखत दुखत लवकर संपला. तिची भीती खोटी नव्हती. चिठ्ठीत काय निघेल, त्यानं बरं वाटेल की नाही… काही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक नसणं आज प्रथमच एकट्याचं नव्हतं. पत्र केव्हाच आत पडलं होतं. हात मात्र अजून पेटीच्या फटीतच होता, आणि तो बाहेर काढायची त्याला घाई नव्हती.