वरच्या रांगेतला फोटो

नावडे गावच्या कमानीवर सुचिताच्या हळदीचा बॅनर चढला आणि चहा निवायच्या आत भगवान मढवी वारल्याची बातमी गावभर झाली. भगवान मढवी, म्हणजे सुचिताच्या बापाचे सख्खे थोरले भाऊ, तेव्हा स्वतःच्या ओटीवर आरसा टेकवून दाढी करत होते. खालच्या आळीतला एक म्हातारा खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून, तोंड पाडून आला, समोर खुद्द मयताला साबण लावताना बघितलं आणि दारातच मटकन बसला.

सुचिताला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती मांडवात बसली होती, हळदीची गाणी म्हणणारी धवलारीण बाई गळा साफ करत होती, आणि पोरीचं सगळं लक्ष मांडवाच्या दाराकडे. कारण आज मोठे बाबा, म्हणजे हेच भगवान मढवी, येणार होते. प्लॉटच्या वाटणीवरून दोन भावांचं फाटलं त्याला वर्षं लोटली. गावातल्या दोन घरांत एका गल्लीचं अंतर, पण एकमेकांच्या दारचं पाणी वर्ज्य. मढव्यांच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या मांडवाची मेढ, म्हणजे मानाचा खांब, घरातल्या सगळ्यात थोरल्या पुरुषानंच रोवायची. सुचिता महिनाभर मोठ्या बाबांच्या ओटीवर जाऊन बसली, रडली, रुसली, मोठ्या आईच्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्या, तेव्हा कुठे म्हातारा म्हणाला होता, "येईन. तुज्यासाठी येईन." आज ते आले तर घर पुन्हा जुळणार होतं. नाही आले तर मेढ रोवायला तिच्या बापानं सयाजीशेठला सांगून ठेवलं होतं. सयाजीशेठ म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, पुढारी. त्यांनी एकदा मेढ रोवली की झालं, भावाची जागा कायमची गेली.

आणि तेवढ्यात फोन वाजला. दिपेशचा, मोठ्या बाबांच्या मुलाचा.

"तो बॅनर कोनी बनवला?"

"मीच. का रे दादा, आवडला?"

"आवडला! जरा कमानीवर जाऊन बघ. आनि तुज्या बापाला सांग, मेढ रोवायला त्या सयाजीशेठलाच बोलव. आमच्या घरात आज सुतक हाय."

फोन कट. सुचितानं फोन मुठीत धरला. ती उठली तशी आत्या ओरडली, "अगं नवरीनं मांडव सोडायचा नाय!" कोण ऐकतंय! चपला उलट्यासुलट्या घालून पोरगी कमानीकडे पळत सुटली.

बॅनर मोठा, झकपक. मध्ये ती आणि नवरा. खालच्या रांगेत जिवंत माणसं: तिचा बाप श्यामसुंदर, त्याला खेटून सयाजीशेठ हात जोडून, मग मामा, आत्या, मित्रमंडळ. आणि वर, ढगांच्या निळ्या पट्टीत, तीन गोल फोटो. डावीकडे आजोबा, उजवीकडे आजी. दोघं जाऊन कैक वर्षं झालेली. आणि दोघांच्या मधोमध मोठे बाबा, फेटा बांधलेले, हसणारे. तिन्ही गोलांना झेंडूचा हार.

"हार?" सुचिता मोठ्यानं म्हणाली. "हार मी कुठे घातला होता?"

तिनं तिथूनच फ्लेक्सच्या दुकानात फोन लावला. दुकानवाली जागृती बिचारी उलट हिलाच समजावू लागली. "अगं ताई, वरच्या गोलांना हार आम्ही नेहमीच घालतो. आजीआजोबांच्या मध्ये काकांचा फोटो बघितला, म्हटलं गेले वाटतं. मला वाईटसुद्धा वाटलं गं."

आता सांगा, काय बोलायचं? गावातल्या बारक्या पोरालाही बॅनर वाचता येतो. अक्षरं नव्हे, फोटो. कोण कोणाशेजारी, कोणाचा फोटो केवढा, कोणाचा गॉगल ठेवला, कोणाला कडेला ढकललं. भांडण कुठे मिटलं आणि कुठे पेटलं ते बॅनरवरून कळतं. आणि वरच्या रांगेत गोलात बसला तो देवाघरी, हे तर सांगायलाही लागत नाही. सुचिता मात्र वाढली खारघरच्या टॉवरमध्ये आणि नोकरी बेलापूरच्या जाहिरात कंपनीत. अवयवदानाच्या पोस्टरवरचा हात भीक मागतोय असं तर वाटणार नाही ना, यावर तिनं साहेबांशी दोन दिवस हुज्जत घातली होती. दुनियेची पोस्टरं वाचायची बाई, आणि घरचा बॅनर वाचता आला नाही. वर म्हणजे मान, एवढाच तिचा साधा हिशोब.

तरी तो गोल वर गेला कसा, त्याचंही कारण होतं, आणि ते कारण तिच्यामागून धापा टाकत आलंच. श्यामसुंदर. पांढरा झब्बा, कपाळाला घाम.

"बाबा, हा आत्ताच्या आत्ता उतरवायचा."

"उतरवायचा? सयाजीशेठ निघालेत कळंबोलीहून. त्यांना काय उघडी कमान दाखवू? तुझ्या मोठ्या बाबाला रुसायला निमित्तच पाहिजे होतं, मिळालं. बसू दे."

"मोठ्या बाबांचा फोटो मी तुमच्या शेजारीच लावला होता. तुम्ही काय म्हणालात? टाकायचा तर टाक, पण माझ्या शेजारी नको. म्हणून वर नेला मी! तुमच्यामुळे!"

 श्यामसुंदर आवाज चढवून मांडववाल्याला उगाच झापायला लागला. सुचिताला बापाचा असा संताप आला, की तिनं पाठ फिरवली आणि सरळ मोठ्या बाबांच्या गल्लीत शिरली.

तिथे दहा-बारा मोटारसायकली आडव्या लावलेल्या. दिपेशची पोरं बाह्या सारून उभी. एकाच्या हातात बांबू. "बॅनर फाडायचा, आनि मांडवपन," कोणीतरी म्हणालं, आणि तिला बघून गप्प झालं.  मांडव मोडला तर लग्न मोडायला कितीसा वेळ? नवऱ्याकडची मंडळी पाहुणचाराला आलेली, त्यांच्यासमोर दोन घरांत लाठ्या! पण मागे फिरायला आता जागा नव्हती.

ओटीवर मोठी आई, सगुणा, भिंतीला टेकून बसली होती. डोळे रडून लाल. सांत्वनाला आलेल्या दोघी-तिघी अजून तिथेच, उठावं की बसावं कळेना अशा.

"आलीस?" सगुणा म्हणाली. "ही बाय आली आनि माज्या गळ्यात परून हंबरडा फोरला. माजा नवरा पुढ्यात बसलाय, आनि मी विधवा! माज्या हातच्या भाकऱ्या खाल्ल्यास ना गं तू? माजं कुंकू पुसलंस!"

सुचिता तिच्या पायाशीच कोसळली. "मोठी आई, शप्पथ सांगते, मला माहीत नव्हतं. मला वाटलं वर म्हणजे मानाची जागा..."

"नाटकं बंद कर," दिपेश ओरडला. "तुज्या बापाची चाल हाय ही. सयाजीशेठला मेढ रोवायची, म्हनून बाबांना आधीच पोचवलं."

"दिप्या, गप."

मोठे बाबा बोलले. खुर्चीवर बसलेले, एका गालाची दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबण वाळून पांढरा झालेला. राग नव्हता आवाजात, आणि त्यानंच सुचिता जास्त घाबरली.

"मला वर कोनी बसवला? तू का तुज्या बापानं?"

खोटं बोलून बापाला वाचवता आलं असतं, किंवा सगळं बापावर ढकलता आलं असतं. दोन्ही तिच्या जिभेवर आलं. "मी," ती म्हणाली. "बाबा म्हणाले त्यांच्या शेजारी नको. पण मला तुम्ही बॅनरवर पाहिजेच होतात. मग म्हटलं, सगळ्यांच्या वर."

पोरांत कुजबुज झाली. बांबूवाला एक पाऊल पुढे सरला. म्हाताऱ्यानं हात वर केला.

"तुमी टॉवरमधी ऱ्हायला गेले, तवा वास्तुशांतीचा बॅनर लागलेला. आठवतो? मी बघायला गेलेलो. एकटाच, रिक्षा करून. भिवंडीचा मावसभाऊ होता त्याच्यावर. बँडवाला होता. मी नव्हतो. गल्लीभर हिंडलो, म्हटलं दुसरा बॅनर असंल. नव्हता." ते गालावरचा साबण खरवडू लागले. "त्या दिवशी मेलो होतो मी. आज तर तू मला आईबापाच्या मधी बसवलंस. मेलेल्यांत का होईना, घरात घेतलंस."

सगुणानं पदर तोंडाला लावला. 

"फोटो दाव रे परत," ते दिपेशला म्हणाले. दिपेशनं धुसफुसत मोबाइल पुढे केला. म्हाताऱ्यानं जाड बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "हा कुठून कापलास?"

"जत्रेतला आहे. बाबांच्या कपाटात होता. तुम्ही आणि बाबा दोघं होतात त्यात. बाबांना कापून तेवढे तुम्ही घेतले."

"पुरता नाय कापलास. हे बघ. माज्या खांद्यावर."

सुचितानं वाकून बघितलं. हाराच्या कडेला, फेट्याच्या शेमल्याखाली, चार बोटं दिसत होती. करंगळी वाकडी. लहानपणी भात कापताना विळा लागून वाकडी राहिलेली करंगळी अख्ख्या नावड्यात एकाच माणसाची होती.

म्हातारा उठला. अर्धी दाढी, बनियन, खांद्यावर दाढीचा टॉवेल. कमानीकडे चालायला लागला. मागून सगुणा, मागून सुचिता, मागून दिपेश आणि त्याची सगळी फौज, बांबूसकट. काय होणार ते कोणालाच माहीत नव्हतं. सुचिता मनातल्या मनात गावदेवीला हात जोडत होती, आई, एवढी वेळ निभावून ने.

कमानीखाली श्यामसुंदर उभा होता. भावाला बघून तो ताठ झाला. सयाजीशेठचा एक कार्यकर्ता फटाक्यांची माळ पसरत होता, तोही थांबला.

"सुचिता," मोठे बाबा म्हणाले, धाकट्याकडे न बघता. "तुज्या बापाला सांग, मी जिता हाय. मला खाली घे म्हनावं."

सांगायची गरजच नव्हती. श्यामसुंदरनं ऐकलं होतं. तो त्या गोलाकडे बघत राहिला. कापलेल्या फोटोतली स्वतःची बोटं त्याला दिसली की नाही, देव जाणे. पण त्याचा हात आपोआप दुसऱ्या हाताच्या करंगळीवर गेला, एवढं सुचितानं पाहिलं. मग त्यानं मांडववाल्याची शिडी ओढली, खिशात ब्लेड टाकलं आणि झब्बा सावरत वर चढला. पोटाचा घेर, शिडी करकरली. त्यानं गोल कापला. हार तेवढा छाटून खाली टाकला. मग दोन पायऱ्या उतरून जिवंतांच्या रांगेशी आला, आणि थबकला.

लावणार कुठे? रांग खचाखच भरलेली. त्याच्या फोटोला खेटून एकच फोटो होता.

"श्यामशेठ, बघून हां," खालून कार्यकर्ता म्हणाला. "साहेबांची गाडी नाक्यावर आलीय."

खरंच, लांबून हॉर्न ऐकू आला. दिपेशनं बांबू घट्ट धरला. श्यामसुंदरनं एकदा रस्त्याकडे बघितलं, एकदा हातातल्या गोलाकडे. ह्याच सयाजीशेठच्या जिवावर त्याची सगळी कामं चालत होती, हे गावाला माहीत होतं, त्यालाही. घामानं झब्बा पाठीला चिकटला होता.

"सुचे, चिकटपट्टी दे," तो म्हणाला.

आणि त्यानं तो गोल सयाजीशेठच्या तोंडावर दाबून बसवला. जोडलेले हात तेवढे खाली उरले. कार्यकर्ता बोंबलत नाक्याकडे पळाला. श्यामसुंदर चिकटपट्टीवरून पंजा फिरवत राहिला, निघू नये म्हणून पुन्हा पुन्हा.

मोठे बाबा मान तिरकी करून बघत होते. अर्ध्या गालावरचा साबण केव्हाच गळून गेला होता.

"डावीकडं वाकडा झालाय, श्याम," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत भावाशी बोललेलं हे पहिलं वाक्य. शिडीवर श्यामसुंदरचा हात थांबला. खाली बघायची त्याची छाती झाली नाही.

"मग शिडी धर ना, दादा," तो म्हणाला. "हलतेय."