आग भिंतीचे ऐकत नाही

आज दुपारी तीनच्या सुमारास तळघरातला पंप थांबला. बॉयलरमधली आग थांबलेली नाही.

मित्रांनो, मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. बॉयलरमधून वर जाणाऱ्या जाड नळाला एका स्प्रिंगने मला बांधलेले आहे आणि माझ्या तारा कापलेल्या आहेत. नळ किती तापला हे मला अजूनही कळते. पंप सुरू करणे मात्र माझ्या हातात राहिलेले नाही.

माझ्या पोटात थोडा द्रव आहे. तो तापला की फुगतो आणि विजेचे दोन पत्रे एकमेकांना टेकवतो. एवढीच माझी अक्कल. कारखान्यातून मी सर्बियातल्या उझित्से गावाच्या वरच्या अंगाला, डोंगरउतारावरच्या या घरात आलो. घरधनी वुकाशिन तेव्हा तरुण होता आणि त्याने नुकताच तळघरात लाकडाचा बॉयलर बसवला होता. नळातले पाणी तापले की मी पंप चालू करायचो. पंप ते पाणी वरच्या खोल्यांतल्या रेडिएटरांत ढकलायचा. आग विझली, पाणी निवले, की मी पंप बंद करायचो. वरच्या खोलीत किती ऊब आहे हे मला कधीच कळले नाही. मी फक्त पाणी ओळखत होतो.

त्यामुळे खोल्या कधी कधी फार तापायच्या. तरी खिडकी कोणी उघडत नसे. वाऱ्याच्या झोताने मान धरते, कान बसतो, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. माणसे घाम पुसत बसायची आणि वुकाशिन अभिमानाने म्हणायचा, "माझ्या घरात थंडी वाजली असं सांगणारा पाहुणा अजून जन्मायचाय."

माझी कामाची वर्षे अशी गेली. कोणी माझ्यावरची धूळ पुसली नाही, पण कोणी मला नावेही ठेवली नाहीत.

या शरद ऋतूत वुकाशिनचा मुलगा नेबोयशा ऑस्ट्रियातल्या लिंत्सहून सुट्टीवर आला. त्याच्या पिशवीत एक पांढरा, काचेच्या तोंडाचा थर्मोस्टॅट होता. तो आणि त्याचे आईवडील, तिघेही तळघरात उतरले.

"बाबा, हा वर भिंतीवर लावायचा," नेबोयशा म्हणाला. "खोली बावीसवर गेली की हा पंप बंद करतो. माझ्याकडे हाच आहे. गॅस निम्मा लागतो."

"म्हणजे लिंत्समध्ये बसून तू माझं घर तापवणार?" वुकाशिन म्हणाला. "आईला फोन करायला तुला वेळ नसतो, पंपाला बरा आहे."

"तसं नाही हो. फोनवर नुसतं दिसतं सगळं."

दोब्रिला, वुकाशिनची बायको, पायरीवर उभी होती. "पंप बंद होईल, कळलं," ती म्हणाली. "आग कोण बंद करणार?"

"आई, तू स्वयंपाकाचं बघ ना."

"बघतेच. पण मी विचारलं काय आणि तू सांगितलंस काय."

"दोब्रिला, अगं, ऑस्ट्रियात चालतं ते," वुकाशिन म्हणाला, आणि तिघेही हसले. दोब्रिलाचे हसू सगळ्यांत आधी थांबले.

नेबोयशाने माझ्या तारा कापल्या आणि पंपाची सूत्रे भिंतीवरच्या त्या नव्या थर्मोस्टॅटकडे दिली. मला काढून टाकायचे राहून गेले. त्या नव्यावर माझा राग नाही, मित्रांनो. लिंत्समध्ये तो खोली तापली की गॅसची ज्योतही विझवतो. तिथे तो उत्तम आहे. इथे त्याच्या हाती फक्त पंप आहे. लाकडाची आग भिंतीचे ऐकत नाही.

आज या घराण्याच्या संताचा दिवस आहे, संत निकोलाचा. सणासाठी नेबोयशाही लिंत्सहून पुन्हा आला आहे आणि सकाळपासून पाहुणे येत आहेत. वुकाशिनने पहाटेच बॉयलर ओंडक्यांनी काठोकाठ भरला. पाणी फार तापले की आगीला हवा देणारे झाकण आपोआप पडते आणि आग मंदावते. ते पडू नये म्हणून त्याने खाली लाकडाची फोड अडकवली. माळ्यावर पाण्याची एक छोटी टाकी आहे. पाणी फुगले की त्याला जायला तीच एक वाट. दर हिवाळ्यात तिच्या नळाला जाड घोंगडी गुंडाळलेली असते. यंदा मुक्कामी पाहुणे जास्त, म्हणून ती घोंगडी धुऊन खाली अंथरली. बाहेर कडाक्याची थंडी आहे. परवापासून त्या नळातले पाणी हललेले मला जाणवले नाही; ते गोठले असावे.

वर खोली माणसांनी भरली आहे, माशांची आणि घेवड्याची भांडी चुलीवर आहेत. खोली बावीसवर जायला आगीची गरजच उरली नाही. भिंतीवरच्या नव्या थर्मोस्टॅटने आपले काम चोख केले आणि पंप बंद केला.

नळांतून वरचे बोलणे खाली उतरते.

"वुकाशिन, बस की घटकाभर," एक पाहुणा म्हणतो. "पाय आहेत का खांब?"

"आजच्या दिवशी यजमान बसत नाही. तुझा पेला रिकामा का?"

"घामाने भरलाय. खिडकी तरी उघड."

"आणि मेणबत्ती विझू देऊ? संताची मेणबत्ती वाऱ्याने विझली तर वर्ष वाईट जातं, मग वर्षभर तूच येऊन बस माझ्या घरी."

हसणे. पेल्यांची किणकिण.

मित्रांनो, तुमच्या घरी थर्मोस्टॅट आणाल तेव्हा आधी तळघरात जा. घर कशावर तापते ते बघा. ज्याला बंद हो म्हणायचे आहे, तो ऐकतो का ते बघा. घरात माणसे किती असतात, सणाला किती होतात, आणि त्या दिवशी आगीकडे कोण लक्ष देणार, हे विचारा. दुसऱ्याच्या घरी उत्तम चालले, हे उत्तर नव्हे. आणि घरातल्या कोणी साधा प्रश्न विचारला, तर हसण्याआधी त्याचे उत्तर द्या.

आता बॉयलरच्या आतून उकळत्या, कोंडलेल्या पाण्याचे ठोके येत आहेत. आधी एखाददुसरा होता, आता सलग.

"खाली काहीतरी वाजतंय," वर दोब्रिलाचा आवाज.

"लाकडं तडकत असतील," वुकाशिन म्हणतो. "मला इथून हलता येणार नाही, मामा आत्ताच आलेत. त्यांचा कोट घे आधी."

"लाकडं अशी तडकत नाहीत."

"नेबोयशाला पाठव मग."

"तो फोनमध्ये बघून सांगतोय, सगळं ठीक आहे म्हणून. खोली चोवीस."

तळघराचे दार उघडले. जिन्यावर पावले आहेत, हलकी, एकाच माणसाची. ओल्या हातांनी दोब्रिला कठडा धरून उतरते आहे. बॉयलरवरचा दाबाचा काटा लाल पट्ट्याच्या टोकाशी टेकला आहे. माझ्या पोटातले पत्रे केव्हाचे जुळलेले आहेत. पंप बंद आहे. ती शेवटच्या पायरीवर पोहोचली आहे.