एकशे दहानंतर एकशे तेरा

सरांचा आणि माझा छत्तीसचा आकडा पहिल्या तासापासूनचा. विद्यापीठाच्या लायब्ररीत मी चोवीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवते. साहित्याची पदवी असेल तर वरची जागा मिळते, म्हणून चाळिशी उलटल्यावर पोरासोरांत जाऊन बसले. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "आता पिकल्या केसांत पदव्या माळणार का?" त्यांचं मी मनावर घेत नाही. सरांचं घेतलं. पहिल्याच दिवशी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पुस्तकं शिवणं वेगळं आणि वाचणं वेगळं, बाई."

अभ्यासाला एक कथासंग्रह होता. त्यातल्या एका कथेवर सरांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता आणि त्यावरच त्यांचं नाव झालं होतं. कथा साधी. आई तुरुंगाच्या फाटकाशी मुलाची वाट बघत उभी आहे, अंधारून येतं, संपली कथा. "तो येत नाही," सर सांगायचे, "आणि ती अनंत प्रतीक्षा म्हणजेच आईपण." पोरं माना डोलवत लिहून घ्यायची.

माझं लक्ष भलतीकडेच. ही कथा एकशे दहाव्या पानावर संपायची आणि पुढची सुरू व्हायची एकशे तेराव्यावर. मधलं सुटं पान अख्ख्या आवृत्तीत चिकटवायचं राहून गेलं होतं. ओळींच्या मधलं वाचणाऱ्या या विद्वानांना पानावरचा आकडा कधी दिसला नाही.

पेपरात मी तसंच लिहिलं: कथा अपुरी आहे, तिच्यावर मत देता येणार नाही. सरांनी नापास केलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच लिहिलं. अंगात मस्ती आहे माझ्या, जाऊबाई म्हणतात ते काही खोटं नाही. पुन्हा नापास. तिसरी संधी शेवटची, आणि ती तोंडी परीक्षेची. यात गेले की नाव कायमचं कटणार होतं, आणि वरच्या जागेवरही पाणी सोडायचं.

परीक्षेच्या आठवडाभर आधी एक खिळखिळं झालेलं जुनं मासिक माझ्या टेबलावर आलं. कथा पहिल्यांदा त्यात छापली होती, आणि त्या अंकाची एवढी एकच प्रत उरली होती. कथेचं शेवटचं पान सुटून हातातच आलं. उभ्या उभ्या वाचलं. मुलगा येतो. आई त्याला लांबून ओळखते, पाठ फिरवते आणि भराभर घराकडे निघून जाते. मला रडू आलं. मग सरांचा असा राग आला की बस.

पान फायलीत घालून मी परीक्षेला नेलं. त्याआधी लायब्ररीचं साधं चिटोरं मी बाहेर नेलेलं नव्हतं.

बाहेरून आलेल्या परीक्षक बाई फोन घ्यायला व्हरांड्यात गेल्या होत्या. सरांनी विचारलं, "यंदा तरी कथा वाचलीत का?"

"पूर्ण वाचली," म्हणत मी पान त्यांच्यापुढे ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

"पाठ फिरवते," ते पुटपुटले.

"हो. तुमची अनंत प्रतीक्षा एवढीच होती."

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"नाही."

त्यांनी गुणपत्रिका ओढली आणि माझ्या नावापुढे बासष्ट लिहिले. सही केली नाही. "पान इथेच राहू द्या," ते म्हणाले. "जुनी पानं गहाळ होतात, तुम्हाला मी काय सांगायचं?"

"आणि नाही ठेवलं तर?"

"तर तुम्ही लायब्ररीतून पान चोरून आणलंत, हे मला कळवावं लागेल."

हरामखोर, अगदी ओठांवर आलं होतं. परीक्षक बाईंचं बोलणं आत ऐकू येत होतं. एक हाक मारली असती तर त्या लगेच आल्या असत्या. मी मारली नाही. मला ती जागा हवी होती. दोन वर्षं हसलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर ती पदवी फेकायची होती.

मी रिकामी फाईल मिटली. सरांनी सही केली आणि पानाची घडी घातली. जुना कागद घडीवर मोडतो तो आवाज मी ओळखते. पान त्यांच्या खिशात गेलं.

"अभिनंदन," ते म्हणाले.

आणि मी म्हणाले, "थँक्यू, सर."