क्रूसाच्या पायाखालची फळी

“रक्त! अगं बाई, प्रभूच्या पायांतून रक्त येतंय!”

पहिली किंकाळी बेकरीवालीची. तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि मग अख्खं चर्च उठून उभं राहिलं. बाकं सरकली, पोरं रडायला लागली, गायनमंडळ गाणं अर्धवट टाकून माडीवरून खाली धावलं. वेदीच्या डाव्या अंगाला आमचा मोठा लाकडी क्रूस आहे. त्यावरच्या प्रभूच्या मूर्तीच्या पायांखाली एक आडवी फळी आहे, आणि त्या फळीच्या कडेवरून गडद तांबडा थेंब ओघळत होता. थेंब लोंबला, रेंगाळला आणि खालच्या मेणबत्त्यांच्या स्टँडवर टपकन पडला. चारशे माणसं एकदम गुडघ्यांवर आली.

मी मागून तिसऱ्या बाकावर होतो. ते रक्त नाही हे मला पहिल्याच थेंबाला कळलं. ती राळ होती, चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, ओल्या लाकडाच्या गाठीतून पाझरणारी राळ. मला कळलं, कारण ती फळी मीच बसवली होती.

पुढचे अकरा दिवस मी तोंड उघडलं नाही. वाचून मला खुशाल शिव्या घाला, मी स्वतःला रोज घालतो.

मी सुतार. वस्तीत मला ‘उलटतपासणी’ म्हणतात. कुणाच्या अंगात आलं, कुणाला स्वप्नात दृष्टांत झाला, की मी हजर: “पाहिलं कुणी? कधी? किती वाजता? शेजारी कोण होतं?” शाळेच्या पोटमाळ्यावरचं भूत मी शिडी लावून खाली आणलं होतं. मांजर निघालं, तीन पिल्लांसकट. रविवारच्या मिस्सेला मी जातो, गुडघेही टेकतो, पण फादर मला हसून म्हणायचे, “तुझ्यासारखा एक तरी चर्चमध्ये असावा. बाकीच्यांना झोप लागत नाही.” मला त्याचा केवढा अभिमान होता, काय सांगू!

आता फळीचं सांगतो. दर गुड फ्रायडेला आमचा सगळा धर्मग्राम, म्हणजे या चर्चची अख्खी वस्ती, रांगेने येऊन प्रभूच्या पायांचं चुंबन घेतो, आणि प्रत्येक चुंबनानंतर सेवेकरी ओल्या फडक्याने पाय पुसतो. पिढ्यान्‌पिढ्या हे चालू आहे. मूर्ती टिकली, पण पुसलेलं पाणी खाली झिरपून फळी कुजली. फादरांनी मला बोलावलं, जुन्या मोडक्या बाकाची सागवानी फळी हातात दिली आणि म्हणाले, “मुरलेलं लाकूड आहे. कितीतरी माणसं हिच्यावर बसून प्रार्थना करून गेली. हीच लाव.”

त्याच आठवड्यात ताईच्या शिलाई मशीनचा लाकडी पाट दुभंगला. आई गेल्यावर ताईने मला वाढवलं, ते त्या मशीनवर. मी सागवानी फळी हातात घेऊन पाहिली. मापाला अगदी बरोबर बसत होती. प्रभूच्या पायांखालची फळी कोण वाकून बघतंय, असं मनाशी म्हणालो आणि सागवान ताईच्या मशीनला लावलं. क्रूसाला लावलं खोक्याचं चिडाचं लाकूड. त्यात मधोमध गाठ. गाठ असली की पॉलिशच्या आधी तिच्यावर लाखेचे दोन हात द्यायचे असतात, नाहीतर ऊब लागली की राळ बाहेर येते. माझ्याकडचा नवशिकाही हे जाणतो. पण चोरीचं काम घाईचं असतं. तांबडं पॉलिश फासलं, फळी ठोकली, मोकळा झालो. उरलेला तुकडा, त्यातही एक गाठ होतीच, न्हाणीघराच्या दाराला खालून लावला, उरलेलं पॉलिश त्यालाच फासलं.

महिनाभर काही झालं नाही. मग ईस्टरआधीच्या उपवासकाळात तीन दिवसांच्या प्रवचनांना आनंदबंधू नावाचे प्रवचनकार आले.

काय थाट! पांढरा सूट, पांढरे बूट, हातात माइक आणि दुसऱ्या हातात घाम पुसायला टॉवेल. “माझ्या बंधुभगिनींनो, हसा! ख्रिस्ती माणूस आणि दुःखी? शक्यच नाही! दुःख म्हणजे काय? श्रद्धेला पडलेलं भोक! आजार म्हणजे काय? आनंदाचा तुटवडा! मोठ्याने म्हणा, आनंद!” लोक म्हणायचे, “आनंद!” “ऐकू आलं नाही!” “आनंद!!” माणूस सगळ्यांना डोळे मिटायला लावायचा आणि स्वतः एक डोळा किलकिला करून कोण रडतंय ते हेरायचा. मग नेमका त्याच बाईच्या डोक्यावर हात. मी पाहत होतो आणि मनात हसत होतो.

पहिल्याच दिवशी, बुधवारी, त्यांनी मेणबत्त्यांचं स्टँड दारापासून उचलायला लावलं. “इतक्या लांब? प्रभूच्या पायांशी आणा! अगदी पायांशी!” दोनशे मेणबत्त्या माझ्या फळीखाली पेटल्या. अर्ध्या तासाने बेकरीवाली किंचाळली.

त्यानंतर आनंदबंधू तीन दिवसांचे राहिलेच नाहीत, तळ ठोकून बसले. थेंब मंदावला की म्हणायचे, “श्रद्धा कमी पडतेय! अजून मेणबत्त्या लावा!” लोक मेणबत्त्या लावायचे, फळी तापायची, थेंब यायचा. “पाहिलंत?” ते ओरडायचे. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. थेंब कापसावर टिपून, त्यात गोडं तेल मिसळून त्याचे बोळे वाटले जाऊ लागले. दुखेल तिथे लावा. आणि गोळ्या? “गोळी गिळताना प्रभूला काय वाटत असेल, याचा विचार करा,” असं म्हणून ते टॉवेलने डोळे टिपायचे.

फादर म्हातारे, सरळ माणूस. त्यांनी बिशपांना कळवलं होतं, उत्तर येईपर्यंत घाई करू नका असं वेदीवरून सांगितलंही होतं. पण चर्च तुडुंब भरत होतं, आणि त्यांचा आवाज त्या माइकपुढे पोचत नव्हता. चौथ्या दिवशी ते स्वतः चालत माझ्या कारखान्यात आले, रंध्याच्या भुशात उभे राहिले.

“फळी तू बसवलीस. तुला काय वाटतं रे?”

माझ्या हातात पटाशी होती. मी तिच्या धारेकडे बघत म्हणालो, “फादर, मला लाकडातलं कळतं. देवाधर्मातलं मी काय सांगणार?”

“मी लाकडाचंच विचारतोय.”

“सागवानच आहे, फादर.”

धडधडीत खोटं. त्यांनी मान हलवली आणि गेले. ज्याने उभी हयात लोकांना ‘पुरावा दाखवा’ म्हणून छळलं, त्याच्या खिशात पुरावा होता आणि तो खिशावर हात दाबून बसला होता. का? चिडाचं लाकूड म्हटलं की पुढचा प्रश्न, सागवान कुठे गेलं? उलटतपासणीवर उलटतपासणी झाली असती. माझी अब्रू गेली असती. बस, एवढंच कारण. याहून मोठं काही असतं तर बरं वाटलं असतं.

आणि गंमत बघा. माझ्या गप्प बसण्याचाच बाजारभर पुरावा झाला. न्हावी गिऱ्हाइकाला सांगायचा, “अहो, उलटतपासणीने एक अक्षर काढलं नाही! म्हणजे खरंच असणार.” आनंदबंधूंच्या कानावर ते गेलंच. रविवारी त्यांनी माइकवरून माझ्याकडे बोट केलं: “तुमच्यातला सगळ्यात मोठा शंकेखोर! बघा, त्याचीही जीभ प्रभूने बांधली!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घातली, तर शेजारचे म्हणाले, “बघा, किती नम्र झालाय.”

अकराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, ताईकडून निरोप आला. लगेच ये.

ताई मशीनपुढे बसली होती. उजवा डोळा लालभडक, पाणी गळतंय, पापणी सुजलेली. “सुईत दोरा जाईना,” ती म्हणाली. “आणि उजवीकडचं दार दिसत नाही रे. मघाशी चौकटीवर आदळले.”

ताईला काचबिंदू आहे. दिवसातून दोनदा डोळ्यांत औषधाचे थेंब, आयुष्यभर, एकही दिवस न चुकता. मी तिला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी डोळा तपासला, दाब मोजला आणि एकदम आवाज चढवला.

“थेंब कधी बंद केले?”

“त्या बुधवारपासून,” ताई पुटपुटली.

“आणि डोळ्यात काय घातलंत?”

ताईने पिशवीतून कापसाचा बोळा काढून टेबलावर ठेवला. बाईंनी तो नाकाशी धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि माझ्यापुढे केला. “हा वास कसला? तुम्हाला ओळखू येतो?”

येत होता. माझ्या कारखान्याचा वास होता तो.

“सूज उतरेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण दाबाने जेवढी नजर गेली तेवढी गेली. ती परत येत नाही. मी कितीही चांगली डॉक्टर असले तरी येत नाही.”

ताईला घरी सोडलं, थेंब घातले आणि घरी येऊन न्हाणीघराच्या दाराचा तुकडा स्क्रू काढून सोडवला. बायको म्हणाली, “आता हे काय खूळ?” मी सांगितलं. सगळं. ती पाटावर बसली आणि म्हणाली, “उद्या जा. न गेलास तर मी जाईन.”

रविवारी मिस्सा संपली. आनंदबंधूंनी माइक घेतला आणि मी बगलेत न्हाणीघराच्या दाराचा तुकडा मारून मधल्या वाटेने पुढे गेलो. तुकडा मेणबत्त्यांवर आडवा धरला आणि गाठ खाली येईल असा फिरवला.

“हे काय आणलंस, बंधू?” आनंदबंधूंनी गोड आवाजात विचारलं.

“माझ्या न्हाणीघराच्या दाराचा तुकडा. याच फळीचा दुसरा अर्धा भाग. पाच मिनिटं थांबा.”

“सैतान!” त्यांनी आरोळी ठोकली. “सैतान आलाय! प्रार्थना करा!” लोक प्रार्थना करू लागले. दोघे-तिघे मला ओढायला उठले, तेव्हा फादर वेदीवरून उतरून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. ते दोघे-तिघे खाली बसले.

माझे हात भाजत होते. पॉलिशला फोड आला, गाठ चकाकली आणि तांबडा थेंब फुगला, लोंबला, टपकला. हुबेहूब तसाच.

“हाही चमत्कारच!” आनंदबंधू घाईघाईने म्हणाले. “प्रभूची कृपा याच्या घरावरही—”

“न्हाणीघरावर?” मागून न्हावी ओरडला, आणि कुणीतरी फस्सकन हसलं. ते हसू पसरलं आणि आनंदबंधूंचा माइक खाली आला.

मी मात्र हसलो नाही. मोठ्याने सांगितलं: लाकूड चिडाचं, ओलं. गाठीवर लाख दिली नाही. ऊब लागली की राळ वितळते, पॉलिशचा तांबडा रंग घेऊन बाहेर येते. मेणबत्त्या दूर न्या, थेंब थांबेल. आणि फादरांनी दिलेलं सागवान मी चोरलं. हे सगळं मला पहिल्या थेंबापासून माहीत होतं.

हसू विरलं. बेकरीवाली पुढे आली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मला अजून बघवत नाही. “माझ्या आईला अकरा दिवस साखरेच्या आजाराच्या गोळ्या दिल्या नाहीत मी,” ती म्हणाली. “तू रोज माझ्याकडून पाव नेत होतास. रोज!” आणि ती आईकडे धावत गेली. म्हातारी वाचली. दवाखान्यात आठ दिवस होती, पण वाचली. आनंदबंधू त्याच दुपारी गाडीत बसून निघून गेले. जाताना म्हणे, इथे श्रद्धा उरली नाही.

फादरांनी मला रागावायला हवं होतं. ते एवढंच म्हणाले, “लोक क्रूसापाशी येतात कारण तिथे एक माणूस दुखणं लपवत नाही. आनंद त्यातून येतो. तुझ्या फळीने रक्त काढायची गरज नव्हती रे.” मी तिथेच रडलो. कारखान्यात परतलो तर तीन ठरलेली कामं लोकांनी काढून नेली होती. नेऊ देत.

मग ताईकडे गेलो. पट्टी होती डोळ्यावर. मी सगळं सांगितलं, मशीनच्या पाटासकट. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता रडेल, थोबाडीत देईल.

“तो आनंदबंधू मला पहिल्या दिवसापासून बोलघेवडा वाटला होता,” ताई म्हणाली. “औषध सोडलं ते त्याच्या सांगण्यावरून नाही. मी तुझ्याकडे बघत होते. म्हटलं, खोटं असतं तर माझा भाऊ बोलला असता.”

ताईची उजवीकडची नजर गेली ती गेलीच. अजूनही ती बाही कापताना मान पूर्ण वळवून कात्री शोधते. मी समोर असलो की ती न शोधल्याचं नाटक करते, आणि मी न बघितल्याचं.

म्हणून हात जोडून सांगतो. देवावर श्रद्धा ठेवा, क्रूसाचं चुंबन घ्या, पोटभर गा. पण कुठे रक्त गळलं, तेल पाझरलं, की आधी ते कशाचं आहे ते विचारा. लाकूड असेल तर सुताराला विचारा, नळ असेल तर नळवाल्याला, डोळा असेल तर डॉक्टरला. औषध बंद करायला सांगणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. आणि ज्याला ठाऊक असायला हवं तो माणूस गप्प दिसला, तर त्याच्या गप्प बसण्याला उत्तर समजू नका. त्याची कॉलर धरा आणि पुन्हा विचारा. माझी कुणीतरी धरायला हवी होती.