टाकीच्या तोंडाशी कंदील

शेगडी पेटेना म्हणून मी मागच्या दारी आले.

गोबरगॅसच्या टाकीचं झाकण उघडं होतं. माझा नवरा महेश कमरेला दोर बांधून कडेला उभा होता आणि थोडं अलीकडं सासरे उकिडवे बसून कंदील पेटवत होते.

ही टाकी मीच हट्टानं बसवून घेतलेली. मार्केटात न खपलेला झेंडू रस्त्याकडेला सडायचा. त्यापेक्षा शेणाबरोबर टाकीत घातला तर घरची शेगडी चालते. आधी सगळ्यांनी नाकं मुरडली, मग त्याच गॅसवरचा चहा मिटक्या मारत प्यायले. आता गाळ साचून गॅस अडला होता. बसवणाऱ्यानं बजावलं होतं, टाकीत कुणी उतरायचं नाही, आत जीव गुदमरतो; जवळ काडी ओढायची नाही, मला बोलवा. पण आमच्याकडं फोनच्या आधी बाह्या वर होतात.

सासऱ्यांची हयात विहिरींचा गाळ काढण्यात गेली. उतरण्याआधी कंदील खाली सोडायचा. जळत राहिला तर हवा चांगली, विझला तर त्या दिवशी कुणी आत पाय टाकायचा नाही. या नियमानं त्यांनी एकही माणूस गमावला नव्हता, ते तो सोडणार नाहीत, म्हणून तर मला जास्त भीती वाटत होती.

“बाबा, विझवा तो! ही विहीर नाही. भडका उडेल!”

“आत हवा कशी हाय, तेच तर बघायचंय,” म्हणत त्यांनी कंदिलाला दोर बांधला.

“अहो, तुम्ही तरी सांगा!”

“रूपाली, बाबांना लय माहीत हाय. तू घरात जा,” महेश म्हणाला.

सासरे कंदील घेऊन टाकीकडं निघाले. मी धावले. गाईपुढची पाण्याची बादली उचलली आणि कंदिलावर, सासऱ्यांवर, सगळी रिकामी केली. काच तडकली.

ते नखशिखांत भिजले. महेश भडकला. “घ्या! मग दिव्याबिगर उतरतो,” म्हणत त्यानं एक पाय आत सोडला.

सासऱ्यांनी त्याचा दंड धरला.

“थांब. कंदील विझला.”

“तिनं विझवला, बाबा.”

“कोणी का विझवंना. विझला म्हणजे आज उतरायचं नाय.”

त्यांनी महेशला ओढत पार गोठ्यापर्यंत आणलं आणि त्याच्या कमरेचा दोर सोडायला घेतला. गाठ साधीच होती, पण त्यांच्या बोटांना ती सुटत नव्हती.