कोरडं लिहिलेलं पाणी

साहेब, आमचं पाणी तुम्ही अकरा दिवसांत मारलंत. पूर्वी बांधकामाआधीच्या तपासणीला आठ महिने लागायचे, आता अकरा दिवस पुरतात, म्हणून तुम्ही रेडिओवर स्वतःची पाठ थोपटून घेता. त्या अकरा दिवसांत तुमचा माणूस इथे किती वेळ होता ते मी सांगते. चहाचा पेला निवेल इतका.

मी तौदा. आमच्या खजुरांना पाणी देणारी खत्तारा, म्हणजे विहिरींना जोडत जाणारा भुयारी पाट, जमिनीखालून वाहते. वर दिसतात ते विहिरींच्या तोंडाभोवतीचे मातीचे ढीग. वर्षातून एकदा आठवडाभर गावातले सगळे पुरुष खाली उतरून गाळ उपसतात. नेमका तोच आठवडा तुम्ही हरकती नोंदवायला दिलात, आणि नोटीस डकवलीत चाळीस किलोमीटरवरच्या कचेरीच्या दारावर.

मी सोळाव्या विहिरीवर रहाट फिरवत होते. खाली माझा भाऊ बासू. तुमचा माणूस जीपमधून उतरला.

"बाई, हे ढीग कसले?"

"मातीचे."

"खाली पाणी आहे का?"

गाळ उपसताना आमच्यात पाण्याचं नाव घेत नाहीत. बागेत पोचेपर्यंत कुणी विचारलं तर कोरडं आहे म्हणायचं, दृष्ट लागू नये म्हणून. आई म्हणायची, मीही म्हटलं, "ठणठणीत कोरडं."

त्याने लिहून घेतलं. तेवढ्यात बासू खालून ओरडला, "तौदे, गप्पा कसल्या छाटतेस? बादली ओढ! गुडघाभर पाण्यात पाय गारठलेत माझे!"

मी घाबरले. रीत सोडली आणि म्हटलं, "साहेब, आम्ही ते असंच म्हणतो. पाणी आहे. ही बादली बघा, गळतेय."

तो हसला. "रकाना भरला, बाई. खोडाखोड चालत नाही. संध्याकाळपर्यंत अजून तीन गावं उरकायचीत."

आणि उरकलीत तुम्ही. पाणी नाही, मातीचे ढीग निरुपयोगी, हरकती शून्य. लगेच परवानगी दिलीत: दोनशे बंगले, प्रत्येकाला पोहायचा हौद. सोमवारी बुलडोझरने पहिल्या तीन विहिरी बुजवल्या. खालच्या बागांचे पाट त्याच दिवशी आटले.

म्हातारी हद्दा सगळ्यांसमोर म्हणाली, "एरवी दिवसभर जीभ चालते तुझी. नेमकं तेव्हाच आईचं ऐकायचं सुचलं?" मी मान खाली घातली. चूक माझी होती, मी चारचौघांत कबूल केली. कोरडं म्हटलं मी. पण गळती बादली बघून कोरडं लिहिलं कुणी?

गुरुवारी यंत्र सोळाव्या विहिरीवर येणार आहे. बासू म्हणतो, तो खाली असेल आणि वर येणार नाही. मी रडले, शिव्या घातल्या, तो ऐकत नाही.

तेव्हा सांगा. माझा भाऊ खाली असताना तुम्ही वरून माती लोटणार की यंत्र थांबवणार? बुधवारपर्यंत उत्तर द्या, लेखी, आणि खाली सही कुणाची ते वाचता येईल असं.